पाचवा कप्पा

९ ऑक्टोबर

बटण,

परवा धाकटीने मला सांगितले की चौदा जुलैच्या संध्याकाळी सात वाजता तू घराबाहेर गेलीच नव्हतीस. म्हणून हे पत्र लिहावे लागते आहे.

शर्टांच्या कारखान्यात बटणे लावायचीस म्हणून घरातल्या सगळ्या तुला या नावाने हाक मारायच्या. मी समोर कधी मारली नाही. पत्रात मारते आहे, कारण दुसरी सुरुवात सुचली नाही.

तुला सगळे ठाऊक आहे. पण हे पत्र तुरुंगाच्या कचेरीतही वाचले जाईल, तेव्हा क्रमाने लिहिते. आपल्या घरात पॅरोलवर सुटलेल्या बारा बायका राहतात आणि मी घराची व्यवस्थापिका आहे. दारात चपलांचे कपाट आहे. बारा कप्पे, प्रत्येकीचा ठरलेला. आत आले की चपला कप्प्यात. संध्याकाळी सातला मी कपाटासमोर उभी राहून कप्पे मोजते आणि हजेरी लिहिते. बारा जणींना ओळीत उभे करून मोजणे मला तुरुंगासारखे वाटायचे, म्हणून अकरा वर्षांपूर्वी ही पद्धत मीच घातली.

त्या संध्याकाळी पाचवा कप्पा रिकामा होता. पाचवा तुझा. मी 'गैरहजर' लिहिले आणि पॅरोल अधिकाऱ्यांना फोन केला. कारखान्यात थांबावे लागल्याची तुझी एक उशिराची नोंद आधीच होती. दोन नोंदी झाल्या की पॅरोल रद्द होतो. तसा तो झाला.

धाकटी, आपल्यातली सगळ्यात लहान, आता म्हणते की तिच्या चपलेचा पट्टा तुटला होता, म्हणून तुझ्या चपला घालून ती गेली. बहीण दवाखान्यात होती, तिला बघायला. तिच्या तुटक्या चपला तिच्या कप्प्यात जागच्या जागी होत्या. सव्वाआठला ती मागच्या दाराने परत आली. तीन महिने गप्प राहिली आणि परवा भांडी घासता घासता हुंदके द्यायला लागली.

एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या चपला दुसरीला देऊ नयेत, हा घराचा अकरावा नियम आहे. तो तू पाळला असतास तर हे काहीच घडले नसते.

तरीही नोंद चुकीची झाली, हे खरे आहे. चपला धाकटीने नेल्या, असा दोन ओळींचा जबाब तुझ्या सहीने पाठव. तिचा जबाब मी घेते. म्हणजे पॅरोल मंडळाकडे अर्ज करता येईल.

तब्येतीला जप. उत्तर लवकर पाठव.

बाई

२० ऑक्टोबर

बाईंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. इथं पत्रं आधी कचेरीतल्या मॅडम वाचतात. त्या मला म्हणाल्या, "तुझ्या बाई पत्रातसुद्धा हजेरी घेतात गं." मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून कळवते.

माझी तब्येत बरी आहे. इथं शिवणाच्या खोलीत काम मिळालंय. शिपायांच्या गणवेशाला काय लावते, ओळखा. बटणांनी माझा पिच्छा सोडलेला नाही.

जबाब मी लिहिणार नाही. धाकटीला यात ओढू नका. पोरगी बावीस वर्षांची आहे, अक्कल थोडी आणि जीव मोठा. तिचीही एक नोंद झालेली आहे. दुसरी झाली की माझ्या शेजारच्या खाटेवर येऊन पडेल, आणि तिची रड थांबवायचं काम परत माझ्याच गळ्यात. चपला मी दिल्या नव्हत्या, तिनं न विचारता घेतल्या. विचारलं असतं तर दिल्या असत्या. तेव्हा अकरावा नियम अर्धा मोडला असं धरा.

तुम्हाला परवा कळलं म्हणता. बरं.

माझं दुखणं वेगळंच आहे. माझी मुलगी दहा वर्षांची, माझ्या भाऊ-भावजयीकडे असते. आणखी एक महिना नीट गेला असता तर सहा महिने भरून ती माझ्याकडे राहायला येणार होती, आपल्या खालच्या खोलीत. तो अर्ज तुम्हीच लिहिला होतात. जुलैपर्यंत दर आठवड्याला तिचं पत्र यायचं, पाठीमागे चित्र काढलेलं. जुलैनंतर एकही नाही. मी इथून नऊ पाठवली. भावजय तोंडानं फटकळ आहे, पण पत्रं दडवून ठेवणाऱ्यातली नाही. मग पोरगी लिहीत का नाही? तिला कुणी काय सांगितलंय? तुम्ही भावजयीला काही कळवलं होतंत का?

ब्लाऊज नीट बसला ना?

बटण

२९ ऑक्टोबर

बटण,

धाकटीचा जबाब घ्यायचा नाही, तर अर्ज अवघड होतो. मंडळ पहिला प्रश्न विचारणार की तुम्हाला हे आता कसे कळले. मी एक मसुदा केला आहे: 'सदर दिवशी मोजणीत त्रुटी राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' यात कुणाचेच नाव येत नाही. वाक्य मला फारसे आवडलेले नाही, पण ते खोटे नाही.

तुझ्या भावजयीला नियमाप्रमाणे कळवले होते. गैरहजेरीची नोंद झाली की त्याच दिवशी नातेवाइकांसाठी छापील पत्र तयार करायचे असते. त्यात फक्त नाव आणि तारीख भरावी लागते. मजकूर असा: 'आपली नातलग आज निवासातून निघून गेली आहे. ती आपल्याकडे आल्यास त्वरित कळवावे.' ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या टपालाने गेले. मुलगी का लिहीत नाही, याबद्दल मला काही सांगता येणार नाही. या वयात मुले कंटाळतात.

आता वेळेविषयी. घराची मान्यता डिसेंबरअखेर संपते आणि त्याआधी तपासणी आहे. आमची हजेरीच चुकीची होती असे मी आत्ता लिहून दिले तर मान्यता जाईल आणि अकरा जणी रस्त्यावर येतील. तू त्यांच्यात राहिली आहेस, तेव्हा वेगळे समजावून सांगायला नको. अर्ज जानेवारीत करावा असे मला वाटते. पाच वर्षे काढलीस, आणखी दोन महिने तुला जड जाऊ नयेत. तू समजूतदार आहेस.

ब्लाऊज ठीक आहे.

बाई

१० नोव्हेंबर

बाई,

'आणखी दोन महिने तुला जड जाऊ नयेत' हे मी तीनदा वाचलं. मग कचेरीतल्या मॅडमना दाखवायला गेले, तर त्यांनी ते आधीच वाचलेलं होतं. त्यांनी स्वतःचा चहा अर्धा करून मला दिला.

आता मीही तुमच्यासारखं क्रमानं लिहिते.

त्या दिवशी सहा वाजता तुम्ही वरच्या खोलीत आलात. मी खाटेवर बसले होते. तुम्ही तुमचा पांढरा ब्लाऊज माझ्या मांडीवर टाकलात आणि म्हणालात, "उद्या सकाळी मीटिंग आहे. सगळी बटणं बदल, काजं उसवलीत ती भर, आणि इस्त्री करून आण." सात बटणं, सात काजं. हातानं एक काज भरायला मला दहा मिनिटं लागतात, घाई केली तर आठ. मिनिटं तुम्हीच मोजा. सात चाळीसला मी खाली तुमच्या टेबलाशी आले. तुम्ही ब्लाऊज हातात घेतलात आणि म्हणालात, "अजून गरम आहे गं." मी म्हटलं, "जपून, बटणं तापलीत." तुम्ही रजिस्टर मिटून बाजूला सरकवलंत. खाली एक पाकीट होतं. ते कसलं, ते मला आज कळलं.

तुम्हाला परवा कळलं नाही, बाई. तुम्हाला त्याच संध्याकाळी कळलं.

अधिकारी न्यायला आले तेव्हा मी म्हटलं, मी घरातच होते, बाईंना विचारा. तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "रजिस्टरमध्ये आहे ते आहे." तेव्हापासून मी वाट बघतेय. धाकटीची नाही. तुमची.

आणि धाकटी हवीच कशाला? चपला कुणी नेल्या ते शोधायचं कारणच काय? मी हिला सहाला काम दिलं आणि सात चाळीसला पुरं झालेलं घेतलं, एवढं तुम्ही म्हणालात की संपलं. तिचा जबाब तुम्हाला माझ्यासाठी नको होता. तुमचा द्यायला लागू नये म्हणून हवा होता.

नवऱ्यानं आणलेला चोरीचा माल मी कपाटात ठेवला. माहीत असून ठेवला. त्याची शिक्षा मी मान खाली घालून घेतली, एक दिवस कुरकुरले नाही. तुमच्या कपाटातल्या रिकाम्या कप्प्याची शिक्षा माझी नाही.

आता ते छापील पत्र. भावजयीला वाचता येतं, पण अडखळत. घरात आलेला कुठलाही कागद माझी पोरच वाचते, सगळ्यांना बसवून, मोठ्यानं, शाळेतल्या बाईंसारखी. म्हणजे आई निघून गेली हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तिनंच घरातल्यांना वाचून दाखवलं. हे डोळ्यासमोर आलं की माझी सुई चालत नाही. या वयात मुलं कंटाळतात म्हणे!

अर्ज जानेवारीत करा, नाहीतर करू नका. माझं एकच मागणं आहे. तिच्याकडे जा. भावजयीला नाही, तिला सांगा. पत्र पाठवू नका, माणूस पाठवू नका. आणि पाठ करून जाऊ नका. पाठ केलेलं तिला लगेच ओळखू येतं.

बटण

२४ नोव्हेंबर

बटण,

तू लिहिलेस ते सगळे खरे आहे. 'अजून गरम आहे गं', हेच शब्द. कचेरीतल्या मॅडम हे पत्र तुझ्या आधी वाचतील. वाचू देत.

सात वाजता कप्पा रिकामा दिसला तेव्हा मला खरोखरच वाटले की काम टाकून गेली. रागच आला. सात चाळीसला तू समोर उभी राहिलीस आणि मला कळले. अधिकाऱ्यांना पुन्हा फोन करून 'माझी चूक झाली' एवढेच म्हणायचे होते. अकरा वर्षांत त्या रजिस्टरात एकही खाडाखोड नाही. पाहुणे आले की मी ते मुद्दाम उघडून दाखवते. मला वाटले, सकाळी बघू. सकाळी तो ब्लाऊज घालून मी मीटिंगला गेले आणि पाकीट टपालात गेले. मीटिंगमध्ये शेजारची म्हणाली, "काजं किती सुबक आहेत हो, कुठं करून घेता?" मी म्हटले, "घरीच."

पॅरोल रद्द करायच्या तुझ्या सुनावणीलाही तोच घातला होता. मुद्दाम नव्हे, बऱ्यापैकी पांढरा तेवढा एकच आहे. पण तू समोर बसली होतीस आणि तुझी नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, जरा खाली होती. तेव्हा मी ओढणीसारखी फाइल छातीशी धरून बसले. हे मी आजवर स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते. खोलीत मी एकटीच आहे आणि तरी तोंड लपवावेसे वाटते आहे.

तुझ्या भावजयीकडे मी दोनदा गेले. पहिल्यांदा सोळा तारखेला, अकरा वाजता. पोर शाळेत असेल अशी वेळ मीच निवडली होती. भावजय गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी म्हटले, "जुलैमधल्या त्या पत्राबाबत थोडा गैरसमज झाला होता."

ती म्हणाली, "कुणाचा? आमचा?"

"नाही, म्हणजे... तसा कार्यालयाचा."

"अगंबाई! कार्यालय स्वतः चालत आलं होय तीन जिने? दमलं असेल. बसा."

मी बसले नाही. तशीच जिना उतरले.

बावीस तारखेला पाच वाजता पुन्हा गेले. तुझा भाऊ, भावजय, त्यांच्या दोन मुली, सगळे घरात होते. तुझी पोर जमिनीवर पालथी पडून नकाशा रंगवत होती. जे बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहिते. तेवढे मला जमते.

मी म्हटले, "तुझी आई कुठेही निघून गेली नव्हती."

ती उठून बसली. "पत्रात लिहिलं होतं."

"ते मी लिहिलं होतं. ते खोटं होतं."

"चुकून?"

मला 'हो' म्हणता आले असते. तुझ्या भावजयीनेसुद्धा माझ्याकडे बघून 'हो म्हणा' अशी मान हलवली. तिला माझी कीव आली असावी.

"सात वाजता चुकून," मी म्हटले. "सात चाळीसनंतर जाणूनबुजून."

"सात चाळीसला काय झालं?"

"तुझी आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती वर बसून माझंच काम करत होती."

"मग तुम्ही पत्र फाडलं का नाही?"

"लाज वाटली."

"कसली?"

"चुकले म्हणायची."

ती पेन्सिलीला टोक करत राहिली. टोक झाले तरी करत राहिली. मग म्हणाली, "मी ते दोनदा वाचलं होतं. मामा म्हणाला, नीट वाच, म्हणून परत वाचलं. मग मामी म्हणाली, पळाली असेल आणि मग सापडली असेल."

"मग काय म्हणणार मी?" भावजय म्हणाली. "छापलेलं होतं ते! छापलेल्यावर माणूस विश्वास ठेवणार नाही तर कशावर?"

"आईची नऊ पत्रं आलीत," पोर म्हणाली. "मी एकही उघडलं नाही. मला सोडून गेली, तर मग लिहिते कशाला, असं वाटलं."

तुझा भाऊ उठून खिडकीशी गेला.

तिने वहीतले एक पान फाडले आणि माझ्यापुढे धरले. म्हणाली, "आमच्या शाळेत चुकीचं लिहिलं की परत लिहायला लावतात."

मी भिंतीला कागद टेकवून लिहिले: 'तुझी आई १४ जुलैला निघून गेली नव्हती. ती वरच्या खोलीत होती. मला ते माहीत होते. तरी मी उलट लिहिले.' खाली सही केली. ते पान घेऊन ती खोलीच्या मध्यभागी उभी राहिली आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. मग कुणी सांगितले नव्हते तरी पुन्हा एकदा वाचले. दोन्ही वेळा मी उभी होते.

निघताना भावजय दारापर्यंत आली आणि म्हणाली, "पाणी तरी प्यायचं होतंत." तहान लागली होती, पण 'द्या' म्हणवेना.

मंडळाकडचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिला. त्यात धाकटीचे नाव नाही. सहाला काम दिले आणि सात चाळीसला घेतले, आणि त्यानंतर मी गप्प बसले, एवढेच आहे. शक्यता नाकारता येत नाही, वगैरे काही नाही. जानेवारीची वाट पाहिलेली नाही.

बाई

९ डिसेंबर

बाई,

पोरीचं पत्र आलं. चार पानं. नऊ पत्रांची उत्तरं एकदम द्यायची म्हणून तिनं आकडे घालून लिहिलंय. पाठीमागे चित्र आहे, ते तुमचं. पाय फार लांब काढलेत आणि खाली लिहिलंय, 'या बाई बसल्याच नाहीत.'

मी ते पत्र उशीखाली ठेवून झोपते हे कुणाला सांगू नका. मॅडमना माहीत आहेच.

मंडळानं परवा मला बोलावलं होतं. टेबलापलीकडे तिघं जण. त्यांनी तुमचा अर्ज वाचून दाखवला. वाचून झाल्यावर त्यातले म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, "असा अर्ज माझ्यासमोर पहिल्यांदाच आला." पॅरोल परत दिलाय. आधीचे पाच महिने धरलेत आणि इथले हे पाचही त्यात जमा केलेत. पोरीला जवळ ठेवायची परवानगीही लगेच दिली. मी "आभारी आहे" म्हणायला तोंड उघडलं आणि हुंदकाच बाहेर आला. म्हाताऱ्यांनी परत चष्मा पुसला.

आता तुमचं. तुम्हाला माफ केलं, असं लिहायला मी दोनदा बसले. येत नाही. मॅडम म्हणाल्या, "निदान एवढं लिही, की काही हरकत नाही." पण हरकत आहे ना. पोरीनं चार महिने मला टाकलं होतं, हे तिला मोठेपणी आठवेल आणि ती स्वतःलाच बोल लावेल. ते तुम्ही कुठल्या कागदावर दुरुस्त करणार? तुम्ही खरं सांगितलंत, उभं राहून सांगितलंत, ते मी पाहिलं नाही तरी मला दिसलं. त्याच्यापुढे माझं लिहिणं अडतं. तेव्हा इथंच थांबते.

तुमच्या घरात मी परत येणार नाही. हे रागानं नाही. संध्याकाळचे सात वाजले की मी चपला कप्प्यात आहेत का ते बघायला धावेन, आणि पोरीच्या नजरेतून काही सुटत नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला असंच एक घर आहे. तिथल्या ताईंनी आम्हा दोघींना एक खोली दिलीय, खिडकीसकट.

एक काम सांगते. भावजय म्हणते, पोर सोपवताना काय दिलं, काय नाही, सगळं लिहून हवं, उद्या बोलणी खायला नकोत. छापील कागदावर तिचा आता विश्वास उरलेला नाही, हातानं लिहिलेला हवा. तो तुम्ही लिहा. तुमच्याइतका स्वच्छ कागद कुणी करत नाही. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. थोडा आहे.

बटण

२८ डिसेंबर

बटण,

घराची मान्यता राहिली. तपासणीला आलेल्या बाईंनी माझा अर्ज वाचलेला होता. त्यांनी एकच अट घातली, की व्यवस्थापिका बदलावी. अकरा जणी आपापल्या खाटांवर आहेत. म्हणजे तुझ्याकडे दोन महिने मागताना मी जे कारण पुढे केले होते, ते त्यांचे नव्हतेच, माझे होते. तुला हे माझ्या आधी कळले असणार.

एक तारखेपासून मी या घरात नसेन. बायकांनी विचारले, का जाता? मी जेवणाच्या टेबलाशी उभी राहून सगळे सांगितले. तुझ्या पोरीसमोर एकदा सांगून झाले आहे, तेव्हा आता सोपे जाईल असे वाटले होते. गेले नाही. बोलता बोलता आवाज बारीक होत गेला, तेव्हा स्वयंपाक बघणारी म्हणाली, "मोठ्यानं बोला की बाई, आम्हाला रोज सांगता तसं." धाकटी मध्येच उठली आणि म्हणाली, "चपला मी नेल्या होत्या." मी म्हटले, "खाली बस. आज तुझी पाळी नाही." सगळ्या हसल्या. मी ताटाकडे बघत राहिले.

मी तुझी माफी मागितलेली नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावे लागेल, आणि तुझ्याकडून मी पुरेसे घेतले आहे.

कागद हाताने लिहिते. चार तारखेला सकाळी दहाला ताईंच्या घरी पोचते. तुझी भावजय पोरीला घेऊन तिथेच येणार आहे, असा तिचा निरोप आला. निरोपात एवढेही होते की 'या वेळी बसायला सांगा त्यांना.'

बाई

४ जानेवारी, सकाळी साडेदहा

मुलगी सोपवल्याची नोंद

देणार: मुलीची मामी. घेणार: मुलीची आई. लिहिणार: आधीच्या घराची माजी व्यवस्थापिका.

१. मुलगी, वय दहा वर्षे चार महिने. तब्येत चांगली. थोडा खोकला आहे; औषधाची अर्धी बाटली सोबत. औषध गोड आहे, ती मागेल तेवढे देऊ नये, असे मामीचे सांगणे.

२. शाळेचा दाखला आणि मागच्या परीक्षेचे प्रगतिपुस्तक. गणितात कमी गुण आहेत, याची आईला पूर्वकल्पना दिली.

३. गणवेश दोन. रोजचे कपडे पाच जोड. त्यांपैकी एक फ्रॉक आखूड झाला आहे, पण मुलगी तो टाकू देत नाही.

४. चष्मा एक, डबीसह. डावी काडी सैल.

५. लाल स्वेटर एक, मामीने विणलेला. 'दिला' असे लिहू नये, तो तिचाच आहे, असे मामीने सांगितले. त्याप्रमाणे लिहिले.

६. रंगपेटी एक. निळा संपलेला.

७. उशी एक. यादीत नव्हती. मुलीने बगलेत धरून आणली.

८. सुटीत आठ दिवस मुलगी मामाकडे राहील. मामीने दहा म्हटले होते, आईने सहा. मुलीने आठ ठरवले.

वरील सर्व मिळाले. तक्रार नाही.

देणारीची सही: केली.

घेणारीची सही: केली.

साक्षीदाराची सही: या घराच्या ताईंनी केली. लिहिणारीने त्या जागी सही करण्यासाठी पेन उघडले होते. मुलगी म्हणाली, "यांची नको." आईने कागद ताईंपुढे सरकवला. लिहिणारीने पेन ताईंच्या हाती दिले.